पातेल्यावरचं नाव

पुतण्याचं लग्न निर्विघ्न पार पडलं, वऱ्हाड गेलं आणि पडवीत उरला तो भांड्यांचा डोंगर. आमच्या वाडीत अजूनही मोठ्या कार्याला भांडी भाड्यानं आणत नाहीत, घराघरांतून गोळा करतात. दहा घरची पातेली, पराती, घंगाळं, ओगराळी चार दिवस एकत्र नांदतात आणि कार्य उरकलं की आपापल्या घरी जातात. ती निवडायचं काम मुलांकडे. मुक्ता एकेक भांडं फिरवून त्यावर टिंबाटिंबांनी घातलेलं नाव वाचत होती आणि ओंकार ते ज्याच्या त्याच्या ढिगात नेऊन ठेवत होता.

"आजोबा, हे पातेलं आजी म्हणते आपलं आहे. पण नाव भलतंच आहे. 'द. ग. के., राजापूर, १९३८'."

"तुझ्या पणजीच्या माहेरचं ते. रुखवतात आलेलं. घर आपलं, पातेलं राजापूरचं."

"आणि ही परात? हिच्यावर 'वि. म.' आहे."

"ती माझ्या आत्याची. आत्या शेवटी आपल्याकडेच राहायला आली, तिच्यामागून तिचा संसार आला."

मुक्ता जरा थांबली. बारा वर्षांची आहे, पण डोकं चालतं. म्हणाली, "म्हणजे नुसती भांडी वाचली तरी आपल्या घरात कोण कोण आलं ते कळेल."

मी तिला म्हटलं, "रात्री जेवणं झाली की खळ्यात चटई टाक. याहून मोठ्या घराची भांडी दाखवतो."

त्या दिवशी वैशाख वद्य नवमी. चंद्र उगवायला मध्यरात्र उलटायची होती. त्यात जेवणं होताहोता वीज गेली. आमच्याकडे मे महिन्यात वीज जाते त्याला सगळे शिव्या घालतात, मी मात्र मनातल्या मनात हात जोडतो. नारळीच्या झावळ्यांमधून आकाश नुसतं सांडलं होतं.

मी मुलांना दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. समोर वरच्या अंगाला पांढरीशुभ्र चित्रा. तिच्या उजवीकडे चार ताऱ्यांचा वेडावाकडा चौकोन, तो हस्त. "आता चित्रेपासून सरळ खाली या. हात लांब करून जेमतेम दोन विती. काय दिसतं?"

"धुरकट तारा," ओंकार म्हणाला. "पुसल्यासारखा."

"तो तारा नव्हेच. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोळा आहे तो. ओमेगा सेंटॉरी. इथून सतरा हजार प्रकाशवर्षं. एडमंड हॅली ठाऊक आहे ना, धूमकेतूवाला? त्यानं १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून हा पाहिला आणि हा साधा तारा नाही अशी नोंद केली. लंडनहून तो दिसतच नाही, क्षितिजाखाली राहतो. आपल्याला चटईवर बसून दिसतो."

मग दुर्बीण हातोहात फिरली. दोघांचं 'मला दे, मला दे' झाल्यावर मी गोष्टीला सुरुवात केली.

अशा गोळ्यांना गोलाकार तारकागुच्छ म्हणतात. एकेकात सहसा लाखभर ते दहा लाख तारे. एकमेकांच्या ओढीनं इतके घट्ट धरलेले, की मोठे धक्के बसले तरी गुच्छ सहसा मोडत नाही. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेच्या वर आहेत. आणि वयानं म्हणाल, तर विश्वातल्या सगळ्यांत जुन्या वस्तूंपैकी. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, त्यातले बरेचसे गुच्छ १,००० ते १,३०० कोटी वर्षांचे.

"वय कसं कळतं? त्यावर पण साल कोरलंय?" ओंकार.

कोरलंय म्हण हवं तर. गुच्छातले सगळे तारे साधारण एकाच वेळी जन्मलेले असतात. त्यातले दांडगे तारे उधळे, इंधन भराभरा जाळून लवकर संपतात. बारके तारे काटकसरी, ते टिकतात. तेव्हा गुच्छात अजून धडधाकट जळणारा सर्वांत मोठा तारा केवढा, ते पाहायचं. त्याच्याहून मोठे सगळे गेले, म्हणजे एवढी वर्षं झाली असणार. पंगतीत कोण कोण उठलं आणि कोण अजून जेवतंय यावरून पंगत कधी बसली हे तुझी आजी सांगते, तसंच.

हे झालं साल. आता नाव. खगोलशास्त्रज्ञांची एक खोड आहे, ती ऐकून रसायनशास्त्राचे मास्तर कपाळाला हात लावतात. हायड्रोजन आणि हेलियम सोडून जे जे काही आहे, त्या सगळ्याला ही मंडळी 'धातू' म्हणतात. लोखंड धातू, ठीक आहे. पण ऑक्सिजनही धातू, कार्बनही धातू! कारण एवढंच, की विश्वाच्या आरंभी जवळजवळ नुसता हायड्रोजन आणि हेलियम होता. बाकीचं सगळं पुढे ताऱ्यांच्या पोटात शिजलं आणि तारे फुटले तेव्हा बाहेर पडलं. त्यातून पुढच्या पिढीचे तारे झाले. म्हणून एखाद्या गुच्छात धातू किती, यावरून तो कसल्या घरात जन्मला ते ओळखता येतं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची अफाट वस्ती. मोठ्या दीर्घिकेची ओढ जबर. तारे फुटून उडालेला धातू ती धरून ठेवते, पुन्हा वापरते. छोट्या दीर्घिकेला तेवढी ताकद नसते, फुटलेल्या ताऱ्यांची राख तिच्या हातून निसटून जाते. तेव्हा धातू भरपूर असलेला गुच्छ बहुतेक मोठ्या घरचा, धातू कमी असलेला बहुतेक लहान घरचा किंवा फार आधीचा. पातेल्यावर टिंबं असतात, गुच्छाच्या प्रकाशात रंग असतो. धातू कमी तो गुच्छ निळसर, धातू जास्त तो तांबूस.

"पण मोठं घर कुठलं?" मुक्तानं बरोबर पकडलं. "तुम्ही म्हणालात मोठ्या घराची भांडी दाखवतो."

मान वर कर. अगदी डोक्यावर. सिंहाच्या शेपटीची उत्तरा फाल्गुनी आणि कन्येच्या ताऱ्यांच्या मधला काळोखा भाग दिसतो? तिथं नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. पण त्या काळोखात हजारावर दीर्घिकांची वाडी आहे, आणि तिच्या मधोमध एक राक्षसीण बसलीय. नाव रुक्ष आहे, एम ८७. शार्ल मेसिए नावाच्या फ्रेंच माणसानं १७८१ साली आपल्या यादीत ८७वा धुरकट ठिपका म्हणून लिहून ठेवली. इथून सुमारे ५.४ कोटी प्रकाशवर्षं. कृष्णविवराचं ते पहिलं चित्र, नारिंगी कंकणासारखं, १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालं आणि सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. ते तिच्याच पोटातलं कृष्णविवर, ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं.

पण मला त्या कृष्णविवरापेक्षा तिची भांडी जास्त आवडतात. आपल्या आकाशगंगेकडे दीडशेच्या वर गुच्छ, तर या बाईकडे बारा ते पंधरा हजार!

एम ८७ ही लंबगोल दीर्घिका. आपली आकाशगंगा तशी नाही. आपली चपटी, घावनासारखी, तीत वळणदार भुजा, वायू, धूळ, अजून जन्मणारे निळे तारे. लंबगोल दीर्घिका म्हणजे तांबूस, म्हाताऱ्या ताऱ्यांचा नुसता फुगीर गोळा. नवे तारे जवळजवळ नाहीत, कारण थंड वायूच उरलेला नाही. प्रश्न असा, की हे असले गोळे झाले कसे? पूर्वी वाटायचं, आरंभी वायूचा एक प्रचंड ढग एका झटक्यात कोसळला आणि एकदमच सगळे तारे झाले. मग १९७२ साली अलार टूमरे आणि त्याचा धाकटा भाऊ युरी यांनी गणकयंत्रावर खेळण्यातल्या दीर्घिका केल्या. प्रत्येकीत मध्ये एक वजन आणि भोवती फिरणारे थोडे ठिपके, बस्स. दोघींना जवळ आणलं तर लांबच लांब शेपट्या फुटल्या, अगदी आकाशात दिसतात तशा. पुढे १९७७ मध्ये अलारनं सरळच सुचवलं, की चपट्या दीर्घिका आदळून, मिसळूनच लंबगोल दीर्घिका होत असाव्यात.

"आदळल्या म्हणजे तारे फुटतात?" ओंकारला फुटण्यात रस.

एकही नाही म्हटलं तरी चालेल. सूर्य मोहरीएवढा केलास, तर शेजारचा तारा ठेवायला पन्नास-साठ किलोमीटर जावं लागेल. राजापूरला एक मोहरी, दुसरी रत्नागिरीच्याही पुढे. दोन दीर्घिका एकमेकींतून निघून जातात तरी तारे एकमेकांना शिवत नाहीत. ओढाताणीनं त्यांचे रस्ते मात्र विस्कटतात आणि शेवटी सगळे एकमेकांत मिसळून जातात. आजी चकलीची भाजणी दळून आणते, त्यात कुठला तांदूळ कुठल्या पिशवीतला, सांगता येतं? तसे ते तारे. एकदा मिसळले की मिसळले. गुच्छ तेवढे न दळलेले राहतात. म्हणून मोठ्या दीर्घिकेची जन्मकथा शोधायची तर ताऱ्यांचं पीठ चाळण्यापेक्षा गुच्छ मोजावेत, हे शहाणपण.

आणि इथंच टूमरे बंधूंच्या गोष्टीला खोडा बसला. कॅनडात काम करणारे सिडनी व्हॅन डेन बर्ग म्हणाले, तुमचा हिशेब जमत नाही. लंबगोल दीर्घिकांकडे त्यांच्या उजेडाच्या मानानं गुच्छ फार जास्त आहेत. आता तूच बघ मुक्ता. दोन घरांत दहा-दहा पातेली. दोन्ही घरं एक झाली, तर पातेली किती?

"वीस."

आणि मोजली तर साठ निघाली, तर?

"कोणीतरी नवीन आणली. नाहीतर अजून लोक राहायला आले."

मी सांगतो, त्या वेळी चटईवरून उठून मी तिची पाठ थोपटली. जगातल्या हुशार लोकांना या दोन उत्तरांवर वीस-पंचवीस वर्षं भांडावं लागलं, आणि ही पोरगी झावळीचा वारा घेत घेत दोन्ही सांगून मोकळी झाली.

पहिलं उत्तर, नवीन भांडी. तारे आदळत नाहीत, पण वायू आदळतो. दोन दीर्घिकांचे वायूचे ढग एकमेकांवर दाबले गेले की तिथं ताऱ्यांच्या भट्ट्या पेटतात आणि नवे गुच्छ ओतले जातात. १९९२ मध्ये कीथ ॲशमन आणि स्टीफन झेफ यांनी भाकीत केलं, की असं असेल तर लंबगोल दीर्घिकेत दोन रंगांचे गुच्छ सापडायला हवेत. जुने निळसर आणि नवे, जास्त धातूचे, तांबूस. पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःलाच ते दोन रंग सापडले. ते ज्यांत सापडले त्यातली एक दीर्घिका इथंच आहे. ओमेगा सेंटॉरीच्या वर तीन बोटं, चित्रेकडून येणाऱ्या त्याच रेषेवर. एनजीसी ५१२८. दुर्बिणीतून फिकट डाग दिसेल. तिच्या मधून धुळीचा काळा पट्टा जातो, तो तिनं गिळलेल्या कुठल्यातरी दीर्घिकेचा उरलासुरला ऐवज.

नव्या भट्ट्याही दिसल्या. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली, तेव्हा तिच्या आरशाचा आकार चुकला होता, सगळं अंधुक दिसायचं. चष्म्याचा नंबर चुकलेला असताना सुद्धा तिनं ययातीतल्या एनजीसी १२७५ या दीर्घिकेत कोवळे, भारी गुच्छ टिपले. मग चष्मा नीट झाल्यावर हस्ताजवळच्या त्या दोन भांडणाऱ्या दीर्घिका पाहिल्या, ज्यांच्या शेपट्या टूमरे बंधूंनी काढून दाखवल्या होत्या. त्यांच्यात एक हजारावर तेजस्वी, नवजात गुच्छ! आणि अधली-मधली पायरीही मिळाली. एनजीसी १३१६ नावाच्या दीर्घिकेत सुमारे ३०० कोटी वर्षांचे गुच्छ सापडले, म्हणजे तिथं तेव्हा कधीतरी लग्न लागलं होतं.

हे सगळं ऐकून वाटेल, संपली गोष्ट. पण एम ८७ हट्टी आहे. तिच्याकडे जादा आहेत ते बहुतेक निळे गुच्छ, कमी धातूचे. नव्या भट्टीतले असते तर तांबूस निघाले असते. मग दुसरं उत्तर पुढे आलं, राहायला आलेल्यांचं. १९९८ मध्ये पॅट्रिक कोटे आणि त्यांच्या सोबत्यांनी हिशेब मांडला, की मोठ्या दीर्घिकेनं भोवतालच्या शेकडो चिल्यापिल्या दीर्घिका गिळल्या, तर त्यांचे कमी धातूचे गुच्छ तिच्याकडे जमा होतील आणि दोन रंग आपोआप दिसतील. तिसऱ्या मंडळींचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते दोन्ही प्रकारचे गुच्छ त्याच घरात, पण दोन वेगवेगळ्या काळांत झाले.

मध्ये एकदा तर रंगावरच शंका आली. २००६ मध्ये कोरियातल्या सुक-जिन यून यांनी दाखवलं, की धातू आणि रंग यांचं नातं सरळ नाही. एकाच प्रकारचे गुच्छ असले तरी रंगात दोन गट भासू शकतात. ही हरकत मला फार आवडते. कल्हई केलेल्या पातेल्यात आतून डोकावलं तर तांबं की पितळ कळत नाही, तशातली गत. मग एकेका गुच्छाच्या प्रकाशाचा वर्णपट काढून, कल्हई खरवडून, खरा धातू मोजावा लागला. काही दीर्घिकांत दोन गट खरेच निघाले. आपल्या आकाशगंगेत तर ते कधीचेच माहीत होते. निळसर गटात सूर्याच्या सुमारे तिसावा हिस्सा धातू, तांबूस गटात सुमारे तिसरा हिस्सा.

आज बहुतेक जण गोष्ट अशी सांगतात. मोठ्या लंबगोल दीर्घिकेचा गाभा फार लवकर, विश्वाच्या पहिल्या दोन-तीनशे कोटी वर्षांत, वायूच्या धुमश्चक्रीत घडला. तांबूस गुच्छ बरेचसे तेव्हाचे आणि तिथलेच, म्हणून ते मध्याशी दाटीवाटीनं दिसतात. मग पुढची हजार कोटी वर्षं ती बाहेरून घरं आणत राहिली. निळसर गुच्छ दूरवर, सगळ्या अंगणभर पसरलेले आहेत, त्यातले पुष्कळसे असे आलेले. माजघरातली भांडी घरची, पडवीतली पाहुण्यांची. नेमकी किती घरची आणि किती बाहेरची, यावर भांडण अजून मिटलेलं नाही. माझं मत विचाराल, तर त्या भांडणात अगदी चूक असा कोणीच नव्हता. प्रत्येकानं एकेका कोपऱ्यातली भांडी मोजली होती.

"आणलं हे कसं कळतं पण? चोरलं नसेल कशावरून?" ओंकार.

चोरलंच म्हण! २०१२ मध्ये ॲरन रोमानोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एम ८७च्या भोवतालच्या शेकडो गुच्छांचे वेग मोजले. जुनी भांडी असती तर वेग सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले असते. पण त्यातल्या काहींचे वेग आणि अंतरं मांडून पाहिली, तर बाणाच्या टोकासारखी आकृती उठली. एकाच वेळी, एकाच दिशेनं आत आलेली टोळी होती ती. अजून पांगली नव्हती. २०१५ मध्ये दुसऱ्या एका गटानं तिच्या बाहेरच्या भागातल्या मरणपंथाला लागलेल्या ताऱ्यांचे वेग मोजले आणि त्यांनाही तेच दिसलं. गेल्या शंभर कोटी वर्षांत या बाईनं एक मध्यम आकाराची अख्खी दीर्घिका पोटात घातली आहे.

"आपली आकाशगंगा असं नाही ना करत?" मुक्ताचा आवाज जरा बारीक झाला होता.

करते की. आग्नेयेला थोड्या वेळानं धनू रास वर येईल. तिच्यात एम ५४ नावाचा गुच्छ आहे. मेसिएनं १७७८ मध्ये पाहिला, तेव्हापासून दोनशे वर्षं सगळे त्याला आपल्याच घरचा समजत होते. १९९४ मध्ये आकाशगंगेच्या पलीकडच्या अंगाला एक छोटी दीर्घिका सापडली, आपल्या ओढीनं फाटत चाललेली. आणि हा एम ५४ तिच्या बरोबर मधोमध! राजापूरचं पातेलं. गाया नावाच्या उपग्रहानं ताऱ्यांच्या चाली मोजल्या, तेव्हा २०१८ मध्ये आणखी एक जुनं प्रकरण उघडकीला आलं. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी आपण एक बऱ्यापैकी मोठी दीर्घिका गिळली होती, तिचेही गुच्छ आपल्या दीडशेंत मिसळलेले आहेत. आणि आत्ता दुर्बिणीतून पाहिलास तो ओमेगा सेंटॉरी? तोही गुच्छ नसून, गिळलेल्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा असा पुष्कळांचा संशय आहे.

गुच्छांनी आपल्याला आपल्या घराबद्दल पहिल्यापासूनच पुष्कळ सांगितलंय म्हणा. १९१८ साली हार्लो शॅप्ली यांनी पाहिलं, की गोलाकार गुच्छ सगळ्या आकाशात सारखे नाहीत, धनू राशीच्या बाजूला गर्दी करून आहेत. मांडवातले सगळे दिवे एकाच बाजूला दिसत असतील, तर आपण मांडवाच्या कडेला बसलोय हे उघड आहे. तेव्हा कळलं, की सूर्य आकाशगंगेच्या मध्ये नाही. शॅप्ली यांची अंतरं बरीच फुगलेली होती, पण दिशा अचूक होती.

"मग पुढे देवयानी दीर्घिका येऊन आपल्याला धडकणार. शाळेत सांगितलंय," ओंकारनं जाहीर केलं.

शाळेत सांगतात ते बरीच वर्षं असंच मानलं जायचं. २०२५ मध्ये पुन्हा हिशेब केला तर निघालं, की पुढच्या हजार कोटी वर्षांत धडक होण्याची शक्यता जवळपास निम्मी-निम्मी. सोयरीक अजून ठरलेली नाही.

तेवढ्यात वीज आली. पडवीतला दिवा लागला आणि आकाश एकदम फिकं पडलं. मुलांनी 'हॅऽऽ' केलं. मी उठून दिवा घालवला, पण डोळ्यांना पुन्हा काळोख रुळायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात शेवटची बातमी सांगून टाकली. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं एका अतिदूरच्या दीर्घिकेत पाच घट्ट गुच्छ पाहिले. वाटेत मधे असलेल्या दीर्घिकांच्या झुंडीनं भिंगासारखं काम केलं म्हणून ते दिसले. विश्व जेमतेम ४६ कोटी वर्षांचं असतानाचा तो प्रकाश आहे. तांबटआळीत पातेलं ठोकत असतानाच कोणीतरी फोटो काढावा, तसा.

मुक्ता उठून पडवीत गेली. बॅटरी घेऊन नाव नसलेलं एक पातेलं तिनं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं, कानाशी धरून टिचकी मारली आणि म्हणाली, "हे पितळेचं नाही, तांब्याचं आहे. आपल्या वाडीत तांब्याची पातेली फक्त दोन घरी आहेत."

मी दोघांना सांगून ठेवलं: पुढच्या अमावास्येला मी इथं नसेन. दुर्बीण माजघरातल्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. चित्रेपासून दोन विती खाली ओमेगा सेंटॉरी, त्याच्या तीन बोटं वर एनजीसी ५१२८. जूनच्या पावसाआधी पाहून घ्या, आणि भिंगाला बोटं लावू नका.